बाबांचा जुना कॉम्प्युटर आणि विहिरीच्या पाण्याच्या नोंदी



आज फवारणीचं नाही, एका जुन्या कॉम्प्युटरचं लिहितो. विषय शेवटी पाण्यावरच येतो, म्हणून थोडं सहन करा.

आमचा संत्र्याचा बगीचा वरूड तालुक्यात. इथलं भूजल किती उपसलं गेलंय हे भूजलवाल्यांनी सांगायची गरज नाही, मोटर सांगते. यंदा धाकट्या भावाचं म्हणणं पडलं, की आंबिया बहार वाचवायचा तर तिसरा बोर मारू. मी म्हटलं, आधीच्या दोन बोरनं विहिरीचं काय झालं ते पाहू. तो म्हणाला, "कशात पाहतं? बाबा लिहत होते ते त्या डब्ब्यात हाय, अन् डब्बा तं बंद हाय."

खरं होतं ते. बाबांनी २००१ मध्ये अमरावतीच्या एका बंद होणाऱ्या ऑफिसातून सेकंडहँड पेंटियम आणला होता. ३२ एमबी रॅम, २.१ जीबीची डिस्क, विंडोज ९५. वारणानगरला १९९८ पासून साखर कारखान्याच्या ७० गावांत कॉम्प्युटर बसवले, त्याच्या बातम्या तेव्हा यायच्या. बाबांच्या डोक्यात ते बसलं. त्यांनी २००१ ते २०१४ दर पंधरा दिवसांनी विहिरीची पातळी, पाऊस आणि मोटरचे तास त्यात भरले. वही ठेवली नाही. बाबा जाऊन चार वर्षं झाली.

मशीन उघडलं तर आत कुंभारीण माशीचं घर. ते काढलं, रॅमचे पाय खोडरबरानं घासले, बोर्डावरचा मेलेला बटनसेल बदलला. चालू झालं, पण विंडोज अर्ध्यात अडकायचं. फ्लॉपी ड्राइव्ह गेलेला. डिस्क काढून यूएसबी अडॅप्टरवर लावली तर नव्या लॅपटॉपला ती दिसेचना, आणि परत जुन्या मशीनमध्ये घातली की मजेत फिरायची. डेटा काढून देणाऱ्या दुकानानं सांगितलेला आकडा ऐकून मी चहा पिऊन परत आलो. मग रस्ता एकच उरला. मशीन लिनक्सवर चालू करायचं आणि आतल्या नेटवर्क कार्डातून फायली बाहेर ओढायच्या.

डॅम स्मॉल लिनक्स नावाचं एक जुनं लिनक्स आहे, अख्खं ५० एमबीचं. सीडीवरून थेट चालतं, डिस्कला हात लावत नाही. आजची मोठी लिनक्सं या मशीनवर चढतच नाहीत. डेबियननं २०१७ च्या नवव्या आवृत्तीत असे जुने पेंटियम सोडून दिले. सीडी जाळली, चालू केली, डिस्क फक्त वाचण्यापुरती जोडली. बाबांचं फोल्डर दिसलं. पण कार्ड काही दिसेना.

इथे जरा थांबतो, कारण कोणाच्या घरी असाच डब्बा असेल तर हेच कामाला येईल. कार्ड होतं एनई २००० च्या नकलेचं, जुन्या आयएसए खाचेतलं. नंतरच्या पीसीआय कार्डासारखं ते स्वतःहून ओळख देत नाही. "एनई" ड्रायव्हर हातानं चढवावा लागतो आणि कार्ड कोणत्या पत्त्यावर बसलंय तेही सांगावं लागतं. बहुतेक वेळा तो पत्ता शून्य-एक्स-३०० असतो, तो दिला. कार्ड सापडलं, पण दोन मिनिटांत मशीन गोठायचं. साउंड कार्ड आणि हे कार्ड दोघंही ५ नंबरचाच इंटरप्ट मागत होते. साउंड कार्ड उपटून ठेवलं, गाणी ऐकायची नव्हतीच.

तरी दिवा लागेना. कार्डाला दोन तोंडं होती, एक आजच्या केबलचं आणि एक गोल, टीव्हीच्या केबलसारखं. त्या ऑफिसात गोल केबलचं जाळं असणार, कार्ड तिकडेच लावून ठेवलेलं. चालू करताना एफ-८ दाबून नुसता डॉस उघडला. कार्डाचा सेटअप सी ड्राइव्हच्या एका कोपऱ्यात पडूनच होता. तोंड बदललं. राउटरवर हिरवा दिवा लागला तेव्हा भाऊ पण येऊन पाहून गेला.

हा ड्रायव्हर डोनाल्ड बेकर या माणसानं लिहिलेला. तो अमेरिकेत नासाच्या गोडार्ड केंद्रात होता. त्यानं आणि थॉमस स्टर्लिंगनं १९९४ मध्ये १६ साधे ४८६ प्रोसेसर १० मेगाबिटच्या स्वस्त कार्डांनी जोडून मोठी गणितं करणारं बिओवुल्फ उभं केलं. नासाच्या माणसाची ती मेहनत आमच्या विहिरीच्या कामी आली.

लॅपटॉप अजून नखरे करत होता. नवीन एसएसएच जुन्या मशीनच्या किल्ल्या असुरक्षित म्हणून नाकारतं, ते बरोबरच आहे. घरातल्या घरात काम होतं, म्हणून साध्या एफटीपीनं फायली घेतल्या. फोल्डर काही सेकंदांत आलं. सगळी डिस्क घ्यायला तासाच्या वर लागला, कारण १० मेगाबिट म्हणजे सेकंदाला फार तर सव्वा एमबी.

आकडे लगेच वाचता आले. टीपा नाही. त्या जुन्या फाँटात टाइप केलेल्या, नव्या कॉम्प्युटरवर नुसता कचरा दिसायचा. युनिकोडमध्ये बदलून घेतल्या तेव्हा मराठी झाली. २०१४ च्या गारपिटीची टीप एकाच ओळीची आहे, पण मोटरचे तास त्या दिवशीही भरलेले.

आता आकडे. मे महिन्यात विहिरीचं पाणी २००२ ला ३१ फुटांवर होतं. २००६ ला पहिला बोर मारला, २००८ च्या मे महिन्यात ४४. दुसरा बोर २०१० चा, २०१२ ला ५७. मी २०१४ ची ओळ शोधत होतो. त्याआधीचा २०१३ चा पावसाळा विदर्भात धो-धो होता, तेव्हा विहीर भरूनच यायला पाहिजे. मे २०१४ ला पाणी ५५ फुटांवर. एवढ्या पावसानं दोन फूट.

एका विहिरीवरून तालुक्याचं सांगता येत नाही, शेजाऱ्यांचे बोरही त्याच काळातले आहेत, हे कबूल. पण पाऊस कमी पडला म्हणून पाणी गेलं, हे आमच्या घरातलं जुनं वाक्य त्या तक्त्यात बसत नाही.

भावानं तक्ता मोबाईलवर दोनदा वर-खाली केला. "मंग आंबियाचं काय करतं?" म्हणाला. बोरच्या मशीनवाल्याला या वर्षापुरतं नाही सांगितलंय. पाणी खालच्या अर्ध्या बगीच्यालाच द्यायचं आणि वरची ११० झाडं यंदा मृगासाठी ठेवायची, असं सध्या ठरतंय. मृगालाही पाऊस वेळेवर लागतो, तो धोका आहेच.

विहिरीची पातळी या पंधरवड्यापासून मी परत भरायला घेतली आहे. यावेळी वहीत पण. कोणाकडे जुन्या फाँटातल्या शेतीच्या फायली अडकल्या असतील तर खाली लिहा, कशा बदलल्या ते सांगतो.