एकहाती

रावेतला आमच्या सोसायटीच्या टेनिस कोर्टावर सकाळी सहाला तो भेटतो. पवनेच्या बंधाऱ्याकडून गार वारा येत असतो. फोरहँड घरचा माणूस, हाक मारायच्या आत हजर. एकहाती बॅकहँड मानी. उशिरा बोलावलं तर येत नाही आणि चेंडू जाळीत जातो.

त्याला सगळं आधी लागतं. चेंडूने नेट ओलांडायच्या आत खांदा वळलेला हवा, इतका की पाठ समोरच्याला दिसावी. मग उजवा पाय पुढे, आणि चेंडू त्या पायाच्याही पुढे गाठायचा. अंगाजवळ येऊ दिला की कोपर वाकतं, मनगट कोलमडतं. दुहाती बॅकहँड अशा वेळी सांभाळून घेतो. याच्या स्वभावात ते नाही. खांद्यावर उसळलेला चेंडू हे तर त्याचं जुनं दुखणं. नदालने फेडररला वर्षानुवर्षं तिथेच छळलं. १९७३ साली एटीपी क्रमवारी सुरू झाली; फेब्रुवारी २०२४ मध्ये पहिल्यांदाच एकेरीच्या वरच्या दहांत एकही एकहाती उरला नाही.

त्याच्या तीनच आठवडे आधी, ४३ व्या वर्षी, रोहन बोपण्णा दुहेरीत जगात पहिला झाला होता. त्याचा बॅकहँड एकहाती. कूर्गचा हा मुलगा कोवळ्या वयात पुण्यात नंदन बाळ यांच्याकडे शिकला. आमच्याच हायवेवर वाकड ओलांडलं की बालेवाडी. तिथे महाराष्ट्र ओपनची दुहेरी त्याने २०१९ ला दिविज शरणबरोबर आणि २०२२ ला रामकुमार रामनाथनबरोबर जिंकली. मला ते फार जवळचं वाटतं.

कारण एकहाती हे नावच अपुरं आहे; खरं तर तीही दोन हातांची दुहेरीच. रॅकेटचा गळा धरून तिला मागे नेतो तो डावा हात. उजव्याला ग्रिप बदलता येते ती त्याच्याच आधाराने. ऐन वेळी तो सोडतो आणि मागे पसरतो, म्हणून छाती लवकर उघडत नाही, तोल राहतो. दोन पावसाळे मी सगळा जोर उजव्यात ओतत होतो. शिकवणारे सर एवढंच म्हणायचे, "काका, मारू नका. डाव्याला सोडू द्या."

आज सकाळी एकदा तो बॅकहँड आला. आवाज वेगळाच झाला, भरीव. चेंडू कोपऱ्यात, रेषेच्या आत पडला. मी मात्र आधी मागे पाहिलं. डावा हात मोकळा, पूर्ण पसरलेला होता.