कशावरून?

नाणेघाटातल्या लेण्यात डाव्या भिंतीसमोर आम्ही तीसेक जण दाटीवाटीने उभे होतो. पावसाळा नुकताच सरला होता, बाहेर वारा घोंघावत होता. भिंतीवर नागनिका राणीचा ब्राह्मी लेख आहे. त्यातला एक शब्द मी मोठ्याने वाचला : मासोपवासिनी. अर्थ सांगण्याआधीच मागून एक मावशी म्हणाल्या, ‘‘महिना-महिना उपास धरणारी. आमच्या सासूबाई धरायच्या.’’ पुढचा शब्द घरात राहून तपस्विनीसारखं जगणारी, अशा अर्थाचा. तो सांगितल्यावर मावशी क्षणभर गप्प झाल्या आणि हळूच म्हणाल्या, ‘‘मालक गेला असंल तिचा.’’

हा लेख लिहिला गेला तेव्हा राणी विधवा असावी, असं अनुमान अभ्यासकांनी अशाच शब्दांवरून काढलं आहे. मी ते वर्गात सांगितलेलं नव्हतं. मी मावशींना विचारलं, ‘‘कशावरून?’’ त्या म्हणाल्या, ‘‘राणी असून उपास, व्रतं, घरातच बसणं. सवाष्णीला कुणी असं वागू देतं व्हय?’’

जुन्नर तालुक्यातल्या एका महाविद्यालयात मी इतिहास शिकवला, आणि त्याच्या जोडीने विद्यापीठाच्या बहिःशाल शिक्षण मंडळाचं काम केंद्र कार्यवाह म्हणून अनेक वर्षं केलं. पुण्याचं विद्यापीठ १९४९ साली सुरू झालं. बॅरिस्टर मुकुंदराव जयकर त्याचे पहिले कुलगुरू. त्यांच्याच नावाची व्याख्यानमाला हे मंडळ गावोगावच्या महाविद्यालयांमार्फत चालवतं. परीक्षा नाही, हजेरी नाही. ज्याला यायचंय त्याने यावं. आपल्याकडे ही रीत जुनी आहे. पुण्यातली वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली सुरू केली, ती प्रौढांसाठीच. पण पुण्याचा श्रोता सभागृहात चालत येतो. आमचा श्रोता आधी गोठा आवरतो, डेअरीला दूध घालतो आणि मग येतो.

सुरुवातीला व्याख्यानं संध्याकाळी सातला ठेवायचो. ऊस वाढला की माणसं कमी व्हायची. पुढे कळलं, बिबट्याच्या भीतीने कुणी अंधारात वस्तीवर परतायला धजत नाही. शिवाय रात्रीची थ्री-फेज लाइट असली की मोटार चालू करायला शेतावर जावंच लागतं. म्हणून रविवारी सकाळी दहाची वेळ धरली, आणि कांद्याच्या लागवडीचे आठवडे सोडून दिले. हे लिहितोय कारण असे वर्ग बंद पडले की लोकांना गोडी नाही, असं सरसकट म्हटलं जातं. बहुतेक वेळा गोडी असते, वेळ चुकलेली असते.

आणखी एक गोष्ट चुकत होती, आणि ती माझीच होती. मी वक्ते बोलवायचो. एका वर्षी शिवचरित्रावर गाजलेले एक वक्ते आले. पटांगण भरलं, टाळ्या पडल्या, काहींचे डोळे भरून आले. पुढच्या रविवारी वर्गात विचारलं, त्या व्याख्यानातली कोणती गोष्ट नवी कळली? उत्तर आलं, ‘‘लय भारी बोलले.’’ त्यापलीकडे कुणालाच काही सांगता येईना. १९ फेब्रुवारी १६३० ही महाराजांच्या जन्माची तारीख आमच्याकडे लहान पोरही सांगतं, शिवनेरी तर वर्गाच्या खिडकीतून दिसतो. पण ही तारीख कोणत्या कागदांवरून ठरली, तिच्यावर किती वर्षं वाद चालला, हे कुणी विचारलं नव्हतं आणि मीही सांगितलं नव्हतं. अभिमान त्यांच्याकडे आधीपासून भरपूर होता. मी द्यायला हवा होता तो प्रश्न.

तेव्हापासून क्रम उलटा केला. आधी सहल, मग व्याख्यान. जागेवर जायचं, पाहायचं, प्रत्येकाने एक तरी शंका वहीत लिहून आणायची आणि पुढच्या रविवारी तिच्यावर बोलायचं.

या कामाला जुन्नरसारखा तालुका मिळणं हे भाग्य. गावाभोवतीच्या डोंगरांत दोनशेच्या वर लेणी खोदलेली आहेत : शिवनेरी, मानमोडी, तुळजा, लेण्याद्री. लेण्याद्रीला आमची माणसं गिरिजात्मजाच्या दर्शनाला लहानपणापासून जातात. गणपतीचं ते देऊळ म्हणजे मुळात बौद्ध भिक्षूंचा विहार, आणि शेजारीच चैत्यगृह आहे. तिथल्या लेखात दात्याचं नाव आहे, सुलसदत्त, कल्याणच्या सोनाराचा मुलगा. कल्याणचा माणूस इथे कशाला येईल, अशी शंका वहीत आली. तिचं उत्तर नाणेघाटात मिळतं. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतला माल याच घाटाने वर चढून जुन्नरला यायचा. व्यापारी ज्या वाटेने आले, त्याच वाटेने दानही आलं. शिवनेरीच्या लेण्यांत इरिल नावाच्या यवनाने पाण्याची दोन टाकी दिल्याचा लेख आहे. इथे यवन म्हणजे ग्रीक किंवा पश्चिमेकडून आलेला माणूस. हे ऐकल्यावर एक निवृत्त एसटी कंडक्टर म्हणाले, ‘‘सर, त्याने पाणीच का दिलं?’’ त्या प्रश्नावर एक आख्खा रविवार गेला. डोंगरात खोदलेली टाकी, पाण्याचे पाट, गडावरची गंगा-जमुना टाकी, आमच्या उन्हाळ्यातले टँकर, सगळं त्यात आलं.

जुन्नरच्या लेखांत बुरुडांच्या आणि कासारांच्या श्रेणींची नावं येतात. श्रेणी म्हणजे एका धंद्यातल्या लोकांचा संघ. दात्याने संघाकडे ठेव ठेवायची आणि तिच्या उत्पन्नातून भिक्षूंचा खर्च भागायचा. हे मला पाठ्यपुस्तकातून एक तास शिकवावं लागलं असतं. पतसंस्थेत संचालक असलेल्या एका शेतकऱ्याला ते एका वाक्यात कळलं. त्यांनी लगेच विचारलं, ‘‘ठेव बुडाली तर जबाबदार कोण?’’ लेखात त्याचं उत्तर नाही, एवढंच मी सांगू शकलो. पण प्रश्न पहिल्या प्रतीचा होता.

नाणेघाटाच्या लेखात राणीने यज्ञांत दिलेल्या दक्षिणांचे आकडे आहेत : गायी, घोडे, हत्ती, कार्षापणं. त्यात शून्य नाही. शंभराला वेगळी खूण, हजाराला वेगळी, आणि चारशे लिहायचे तर शंभराच्या खुणेला चारची खूण जोडायची. नारायणगावच्या टोमॅटो बाजारात मापाडी असलेल्या एका तरुणाने ते आकडे वहीत उतरवून घेतले, ओट्यावर बसून बेरीज करून पाहिली आणि म्हणाला, ‘‘शून्याशिवाय हिशेब ठेवणारा कारकून लई हुशार असला पाहिजे.’’

त्याच लेण्याच्या मागच्या भिंतीवर एके काळी सिमुक सातवाहन, सातकर्णी, नागनिका आणि राजकुमारांच्या मूर्ती होत्या. आता वर कोरलेली नावं राहिली आहेत आणि खाली पावलांच्या खुणा. पहिल्यांदा येणारे तिथे नेहमी विचारतात, ‘‘कुणी फोडल्या?’’ आणि विचारतानाच उत्तर मनात ठरलेलं असतं. मी तिथेही एकच विचारतो, कशावरून? घाव दिसतो का? कागदात काही आहे? दोन हजार वर्षांच्या पावसाने आणि वाऱ्याने दगडाचं काय होतं, ते शेजारच्या भिंतीवर पाहा. घाईने उत्तर देणाऱ्या माणसाला ‘ठाऊक नाही’ म्हणायला शिकवणं हे माझ्या कामातलं सगळ्यात अवघड आणि सगळ्यात मोलाचं काम आहे, असं मी मानतो.

सहली लेण्या-गडांपुरत्या ठेवल्या नाहीत. पाडव्याच्या सुमारास नारायणगावला तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पुढारी जत्रेच्या सुपाऱ्या द्यायला येतात. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकरांचं हे गाव. तिथे वर्गातल्या बायकांनी यावं की नाही, यावर दोन रविवार वाद झाला. शेवटी अकरा जणी आल्या, फडातल्या बायकांशी मुलांच्या शाळेबद्दल बोलल्या आणि परतताना गाडीत कुणीच फारसं बोललं नाही.

वर्गातलं सगळ्यात मोठं धाडस मात्र एका शेतकऱ्याने केलं. त्यांच्या घरी पत्र्याच्या ट्रंकेत मोडी कागद होते. आमच्या पूर्वजांना पेशव्यांनी इनाम दिलं, त्याची ही सनद, असं घरात तीन पिढ्या सांगत आलेले. त्यांनी कागद वर्गात आणला. आम्ही मोडी शिकणारे सातआठ जण दोन बैठका त्यावर बसलो. निघालं ते गहाणखत. पणजोबांच्याही आधीच्या कुणी दुष्काळात जमीन गहाण टाकली होती. ते गृहस्थ उठून बाहेर गेले. मला वाटलं, आता येणार नाहीत. पुढच्या रविवारी आले, फळ्यासमोर उभे राहिले आणि सगळ्यांना सांगितलं, ‘‘आमच्या घरात चुकीचं सांगितलं जात होतं. खरं हे आहे. आणि ती जमीन पुढं कुणी तरी सोडवली, कारण आज ती माझ्या नावावर आहे. ती कशी सोडवली, ते मला शोधायचंय.’’ अजून ते शोधतायत.

तुमच्या घरातही माळ्यावर, देवघराच्या फडताळात असे कागद असतील. दिवाळीची साफसफाई झाली असेल, तरी रद्दीचा गठ्ठा एकदा सोडून पाहा. वाचता येत नाही म्हणून फेकू नका, लॅमिनेट तर मुळीच करू नका. कोरड्या सुती कापडात बांधून जवळच्या महाविद्यालयात इतिहास शिकवणाऱ्याकडे घेऊन जा आणि तिथे रविवारी वर्ग भरत नसेल, तर तो सुरू करा असं त्यांना सांगा.