भरणे आणि राखणे

वापराने वस्तू झिजते, हे व्यवहारज्ञान आपल्याला फार लवकर मिळते. पाट्याचे गेलेले टाके, सहाणेला पडलेली खोलगट, चपलेचा विरलेला तळ ही त्याची घरगुती उदाहरणे. परंतु न वापरल्यानेही एखादी वस्तू मरते, हे सहसा ध्यानी येत नाही. शिशाची बॅटरी ही त्या दुसऱ्या जातीची वस्तू आहे. तिला राबविले तर ती काही वर्षे निमूटपणे राबते. कोपऱ्यात टाकून विसरले, तर काही महिन्यांत प्राण सोडते. अशा रुक्ष विषयावर मराठीच्या शिक्षकाने लिहावे, याचे कोणास नवल वाटेल. पण जुन्या इंदुरातल्या आमच्या वस्तीत हा विषय रुक्ष राहिलेला नाही.

ही वस्ती होळकरांच्या राजवाड्याहूनही जुनी. येथील मराठी घरांतली मुले शिकली, आणि कोणी पुण्यास, कोणी बंगळूरला, कोणी थेट सातासमुद्रापार गेली. घरात उरले आईवडील आणि दाराशी उरली मुलाने हौसेने घेऊन दिलेली मोटार. ती आठवड्यातून एकदा देवदर्शनापुरती निघते. पावसाळ्यात तर महिना-महिना हलत नाही. तिच्यावर आच्छादन असते, ती धुतलेली असते, सणाला तिला हारही पडतो. फक्त तिच्या पोटातली बॅटरी उपाशी असते.

गेल्या हिवाळ्यात आमच्या शेजारच्या काकूंना मध्यरात्रीनंतर धाप लागली. काका किल्ली घेऊन खाली धावले. किल्ली फिरवली की नुसता 'टक्' असा आवाज होई आणि दिवे मंदावत. "मास्तर, गाडी बोलत नाही हो!" अशी त्यांची हाक ऐकून आम्ही दोघे-चौघे बाहेर आलो. थोडे ढकलून पाहिले. शेवटी गल्लीच्या तोंडाशी राहणाऱ्या एका रिक्षावाल्याला उठविले. काकू पुढे सुखरूप घरी आल्या. परंतु त्या रात्री गेलेली वीस मिनिटे काका अजून विसरलेले नाहीत. दुसऱ्या दिवशी बॅटरीवाला आला. त्याने तारा लावून पाहिल्या आणि म्हणाला, "माट्साब, इसे चलने ने नहीं, खड़े रहने ने मारा है।" त्या एका वाक्याचा अर्थ समजून घेण्यासाठी मी बरेच वाचले, बरेच विचारले. त्याचे सार येथे देतो.

गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये पुन्हा पुन्हा भरता येणारी पहिली बॅटरी बनविली. तिचे तत्त्व आजही तेच आहे. शिशाची एक पट्टी, शिशाच्या ऑक्साइडची दुसरी, आणि दोहोंच्या भोवती पाणी मिसळलेले गंधकाम्ल. अशा एका घरातून सुमारे दोन व्होल्ट मिळतात. सहा घरे जोडली की आपली बारा व्होल्टची बॅटरी झाली. वीज घेतली जाऊ लागली की दोन्ही पट्ट्यांवर शिशाचे सल्फेट बसू लागते आणि आम्ल पातळ होते. उलट वीज आत सोडली की सल्फेट विरघळते आणि आम्ल पुन्हा तेजस्वी होते. येथपर्यंत सारे सुरळीत आहे. मात्र उतरलेली बॅटरी तशीच पडून राहिली, तर त्या सल्फेटचे बारीक कण मोठे व कठीण होत जातात. मग कितीही वीज दिली तरी ते पुरतेपणी विरघळत नाहीत. बॅटरी 'बसली' असे आपण म्हणतो, ती बहुधा अशी.

आता कोणी म्हणेल, गाडी बंद असताना वीज जाते कोठे? काही वीज बॅटरीतल्या बॅटरीतच नाहीशी होते, आणि उन्हाळ्यात हा ऱ्हास अधिक वेगाने होतो. शिवाय आजच्या गाडीत घड्याळ, चोराची घंटा आणि छोटा संगणक सदैव जागे असतात. त्यांचा खर्च तीस मिलिअँपिअर धरला, तर महिन्याला साडेएकवीस अँपिअर-तास होतात. लहान मोटारीची बॅटरी पस्तीस अँपिअर-तासांची असते. म्हणजे एका महिन्यात निम्म्याहून अधिक भांडार रिते! रोज पाच मिनिटे इंजिन चालू ठेवून समाधान मानणारी मंडळी पुष्कळ आहेत. त्या पाच मिनिटांत इंजिन सुरू करताना गेलेले जेमतेम परत येते. गाडी निदान अर्धा-पाऊण तास रस्त्यावर धावली पाहिजे.

ते शक्य नसेल तेथे चार्जर हवा. आणि येथेच भरणे व राखणे यांतला भेद ओळखला पाहिजे. साधा जुना चार्जर म्हणजे एक ट्रान्सफॉर्मर आणि रेक्टिफायर. तो वीज आत ढकलतो. बॅटरी भरली की नाही, हे त्याला कळत नाही. देखरेखीखाली काही तास लावण्यास तो ठीक, पण लावून विसरलात तर आतले पाणी उकळल्यासारखे होऊन वायुरूपाने निघून जाते आणि पट्ट्या उघड्या पडतात. दुसरा प्रकार शहाण्या चार्जरचा. तो प्रथम भरपूर वीज देतो. व्होल्टेज साडेचौदाच्या आसपास पोहोचले की ते तेथेच रोखून प्रवाह हळूहळू कमी करतो. आणि बॅटरी भरल्यावर साडेतेरा ते पावणेचौदा व्होल्टवर येऊन नुसती राखण करीत बसतो. हे शेवटचे काम तेवढे करणारा जो छोटा, एखाद्या अँपिअरचा चार्जर असतो, त्याला बाजारात मेंटेनर म्हणतात. रिती बॅटरी भरण्यास तो फार वेळ घेईल. भरलेली बॅटरी महिनोन् महिने भरलेली ठेवण्यात मात्र त्याचा हातखंडा आहे.

निवड करताना चार गोष्टी पाहाव्यात. पहिली, व्होल्ट: दुचाकी व मोटारीला बारा, ट्रकला बहुधा चोवीस. दुसरी, अँपिअर: बॅटरीच्या क्षमतेचा दहावा भाग हे जुने प्रमाण आजही चांगले. म्हणजे पस्तीसच्या बॅटरीस तीन-चार अँपिअर, दीडशेच्या इन्व्हर्टर-बॅटरीस पंधरा. तिसरी, जात: पाणी घालायची बॅटरी, बंद बॅटरी, जेलची बॅटरी यांची मर्यादा वेगवेगळी, चार्जरवर तशी निवड हवी. सल्फेट काढण्यासाठी उंच व्होल्ट देणारी सोय काही चार्जरांत असते. ती बंद बॅटरीवर वापरू नये, कारण तिच्यात गेलेले पाणी पुन्हा घालता येत नाही. नव्या विजेच्या स्कूटरांत लिथियमची बॅटरी असते. तिला शिशाचा चार्जर मुळीच लावू नये. चौथी गोष्ट, उष्णतेची जाण. वर दिलेले आकडे पंचवीस अंशांचे आहेत. आपल्या माळव्याच्या वैशाखात पारा बेचाळिसावर गेला, तर तोच दाब अर्ध्या व्होल्टपर्यंत उतरवावा लागतो. हे आपणहून करणारा चार्जर थोडा महाग पडला तरी घ्यावा.

वापरताना घाई नको. भरताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो, आणि हवेत तो चार टक्के झाला की एक ठिणगी पुरते. म्हणून खोलीची खिडकी उघडी, देवघर व स्वयंपाकघर दूर, विडी-काडी वर्ज्य. प्रथम लाल चिमटा धन टोकाला, नंतर काळा चिमटा गाडीच्या सांगाड्याला, बॅटरीपासून थोडा दूर. मग भिंतीवरचे बटण. काढताना क्रम नेमका उलटा. गल्लीत गाडीपर्यंत प्लग पोहोचत नसेल, तर निदान बॅटरीचे ऋण टोक सोडवून ठेवावे आणि महिन्याकाठी ती काढून घरात भरून घ्यावी. पाणी घालायचे ते डिस्टिल्डच. १९७८ पासून नर्मदामाई इंदुरास पाणी पाजते आहे, पण तिच्या पाण्यातले क्षार पोटाला मानवतात, बॅटरीला मानवत नाहीत. आणि एक स्वस्त मल्टिमीटर घरात असू द्यावा. काही तास विसावलेली बॅटरी साडेबाराच्या वर, म्हणजे १२.६ दाखवीत असेल तर ती तृप्त, १२.२ म्हणजे अर्धपोटी; बारा म्हणजे आजच भरा.

इन्व्हर्टरचा संसार याहून निराळा, कारण तो स्वतःच चार्जर असतो. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगढ वेगळे झाले, कोरब्याची विजेची केंद्रे तिकडे गेली, आणि पुढची काही वर्षे मध्य प्रदेशाने भारनियमन सोसले. तेव्हाच्या मुलांनी कंदिलाच्या उजेडात परीक्षा दिल्या, आणि पाठोपाठ घरोघर इन्व्हर्टर आले. आता वीज क्वचितच जाते. त्यामुळे बॅटरी सदैव भरलेली आणि सदैव बेकार असते. तिच्यातले जड आम्ल तळाशी बसते. महिन्यातून एकदा मुख्य बटण बंद करून तासभर पंखे-दिवे बॅटरीवर चालवावेत आणि मग ती पुन्हा पूर्ण भरू द्यावी. आमच्या शाळेत संगणक-कक्षासाठी अशी बॅटरी आहे. उन्हाळी सुटीत आगीच्या भयाने मुख्य बटण बंद करतात, आणि इन्व्हर्टर मात्र स्वतःची भूक बॅटरीतून भागवीत राहतो. म्हणून आमच्याकडे सुटीपूर्वीचा क्रम ठरलेला आहे: पाणी पाहणे, पूर्ण भरणे, इन्व्हर्टर बंद करून ऋण टोक सोडणे, आणि दर महिन्यास एकाने येऊन व्होल्ट मोजून वहीत लिहिणे. वहीत आकडा लिहायचा म्हटले की माणूस येतोच.

तरीही प्रत्येक बॅटरीला अंत आहे, आणि त्या अंतालाही काही शिस्त हवी. आमच्या जुन्या इंदुरातले शनिमंदिर प्रसिद्ध आहे. आपल्याकडे शनीचा धातू लोखंड. युरोपातले जुने किमयागार मात्र शिसे हा शनीचा धातू मानीत, आणि शिशाच्या विषबाधेलाही तिकडे शनीवरूनच नाव पडले. साडेसातीवर विश्वास असो वा नसो, ही पीडा खरी आहे. शिसे लहान मुलांच्या मेंदूस कायमची इजा करते, आणि घराच्या मागे बॅटरी फोडून शिसे वितळविणाऱ्यांच्या आसपास मुलेच खेळत असतात. जुनी बॅटरी दारावर येणाऱ्या भंगारवाल्यास चार पैसे अधिक मिळतात म्हणून देऊ नये. नवी घेताना दुकानदाराकडे परत करावी. २००१ च्या नियमांनी ती परत घेण्याची जबाबदारी ठरविली, आणि २०२२ च्या नव्या नियमांनी ती उत्पादकावर अधिक पक्की केली. नीट परत गेलेले शिसे वितळून पुन्हा नव्या बॅटरीत येते.

दिवाळीला मुले घरी येतात तेव्हा आईवडिलांसाठी काय आणावे, असा त्यांना प्रश्न पडतो. मेंटेनर नव्या बॅटरीहून पुष्कळ स्वस्त मिळतो. तो आणावा, पण नुसता पेटीत ठेवून जाऊ नये. वडिलांना शेजारी उभे करून लाल चिमटा कोठे, काळा कोठे, हिरवा दिवा म्हणजे काय, हे त्यांच्याच हातून दोनदा करवून घ्यावे, आणि मोठ्या अक्षरांत लिहिलेला कागद प्लगजवळ चिकटवावा. पुढे फोनवर 'जेवलात का' या प्रश्नाबरोबर 'आज व्होल्ट किती?' हाही एक प्रश्न वाढेल. त्याचे उत्तर बहुतेक वेळा १२.६ असेच यावे.