भिंत भरण्याच्या हौसेविषयी भाचेबुवांस

शिरूर (घोडनदी)

चिरंजीव भाचेबुवा, मुक्काम दौंड, यांस,

पत्रास कारण की, दूरचित्रवाणी संचाची निवड भिंतीच्या मापावरून करावयाची नसून बसणाऱ्याच्या डोळ्यापासून पडद्यापर्यंतच्या अंतरावरून करावयाची असते, हा साधा नियम दौंडच्या घरात कोणीही मानीत नाही, असे परवाच्या फोनवरून स्पष्ट झाले. ‘समोरची भिंत भरली पाहिजे, म्हणून ७५ इंची’ हे भाचेबुवांचे वाक्य ऐकल्यापासून मामांचे चित्त ठिकाणावर नाही. आणि फोनवर समजावून सांगू लागले की भाचेबुवा ‘हो, हो’ म्हणून फोन ठेवतात, हा अनुभव जुना असल्यामुळे प्रस्तुत विषयाचे निरूपण लेखी पाठविणे भाग पडले आहे. ते एका बैठकीत वाचावे. कारखान्यातील पाळी संपवून आल्यावर जेवताना वाचू नये.

संचाच्या जाहिरातीत जे इंच छापलेले असतात ते पडद्याच्या रुंदीचे नसतात, तर एका कोपऱ्यापासून समोरच्या तिरप्या कोपऱ्यापर्यंतच्या कर्णाचे असतात. आजच्या पडद्यांत रुंदी व उंची यांचे प्रमाण १६:९ असे ठरून गेलेले असल्यामुळे ५५ इंची पडदा सुमारे १२२ सेंटिमीटर रुंद व ६८ सेंटिमीटर उंच भरतो, तर ७५ इंची पडदा १६६ सेंटिमीटर रुंद व ९३ सेंटिमीटर उंच भरतो. म्हणजे कर्ण वीस इंचांनी वाढला की क्षेत्रफळ जवळजवळ दुप्पट होते, आणि हे दुकानात उंच छताखाली उभ्याने पाहताना कोणाच्याही ध्यानात येत नाही. चित्रपट व दूरचित्रवाणी यांच्या अभियंत्यांत रूढ असलेला संकेत असा की, पडद्याच्या दोन्ही कडांनी प्रेक्षकाच्या डोळ्याशी सुमारे ३० अंशांचा कोन करावा. हे गणित सोडविले असता कर्णाच्या साधारण १.६ पट अंतर येते, म्हणजे ५५ इंचांस साडेसात फूट, ६५ इंचांस पावणेनऊ फूट आणि ७५ इंचांस दहा फुटांहून थोडे अधिक. दौंडच्या बैठकीच्या खोलीची लांबी बारा फूट असली, तरी सोफा आणि त्यामागील ते कोणालाही न उघडता येणारे कपाट वजा जाता डोळ्यापासून भिंतीपर्यंत आठ फूट उरतात. चित्रपटाचे काही शौकीन ४० अंशांपर्यंतचा कोन पसंत करतात आणि त्या हिशेबाने आठ फुटांवर ७५ इंची पडदाही बसू शकतो, हा युक्तिवाद भाचेबुवा करतीलच. तो खोटा नाही. मात्र पडद्यावरचे चित्र तितके बारीक असेल तरच तो टिकतो.

चित्राचा बारीकपणा हा बिंदूंच्या संख्येवरून ठरतो. निरोगी डोळ्याला एका अंशाच्या साठाव्या भागाहून जवळ असलेले दोन बिंदू निरनिराळे ओळखता येत नाहीत. त्यामुळे ज्या अंतरावरून बिंदू एकमेकांत मिसळून चित्र सलग वाटू लागते ते अंतर प्रत्येक पडद्यासाठी मोजून काढता येते. ‘फोर-के’ म्हणजे आडवे ३८४० व उभे २१६० बिंदू असलेल्या चित्राला ७५ इंची पडद्यावर हे अंतर पाच फूट आहे, ‘फुल एचडी’ म्हणजे १९२० गुणिले १०८० बिंदूंच्या चित्राला पावणेदहा फूट आहे, आणि डिशवरून किंवा केबलवरून साध्या दर्जात येणाऱ्या मराठी वाहिन्यांच्या चित्राला, ज्यात वरपासून खालपर्यंत अवघ्या ५७६ ओळी असतात, ते अठरा फूट आहे. ताईंच्या, म्हणजे भाचेबुवांच्या मातोश्रींच्या, सर्व मालिका, बातम्या आणि सकाळची कीर्तने याच साध्या दर्जात येतात. अठरा फूट मागे बसावयाचे तर ताईंची खुर्ची पुढच्या दारातून बाहेर काढून गल्लीत ठेवावी लागेल, आणि दौंडच्या त्या गल्लीतून दुचाकी कशा जातात हे सर्वांस ठाऊक आहे. संचातील यंत्रणा नसलेले बिंदू अंदाजाने भरून काढते हे खरे. तरी अंदाज तो अंदाजच, आणि माणसाच्या गालाची त्वचा मेणासारखी दिसू लागली की तो कोठे चुकला ते समजते. भाचेबुवांच्या आवडीच्या बैलगाडा शर्यतींचे थेट प्रक्षेपण तर बहुधा घाटाच्या कडेला उभ्या असलेल्या कोणाच्या तरी मोबाइलवरून होते. ते ७५ इंचांवर पाहिले असता धुरळा कोणता आणि बैल कोणता हे ठरविणे पंचांनाही कठीण जाईल.

‘बाहेरून आलेला माल आहे’ असे सांगून दुकानदाराने जे डोळे दिपविले, त्याविषयी एक खुलासा आवश्यक आहे. शिरूरहून पुण्याकडे निघाले की अर्ध्या तासाच्या आत रांजणगावची औद्योगिक वसाहत लागते. अष्टविनायकांतील महागणपतीचे गाव एवढीच त्या गावाची ओळख पूर्वी होती, परंतु २००४ पासून एलजी कंपनीचा कारखाना तेथे आहे, २००७ मध्ये हायर कंपनीने तेथील एक तयार कारखाना घेतला, आणि दूरचित्रवाणी संचांपासून शीतकपाटांपर्यंतचा माल या तालुक्यातून देशभर जातो. मामांच्या दाराजवळ जोडलेली वस्तू दौंडला ‘बाहेरची’ म्हणून विकली जावी, हे मौजेचे आहे. संचाचा मूळ काचपट, ज्याला या धंद्यात ‘ओपन सेल’ म्हणतात, तो मात्र मुख्यतः परदेशातून येतो आणि किमतीतील मोठा वाटा त्याचाच असतो. या काचपटामागे पांढऱ्या दिव्यांचा उजेड असला की त्यास सामान्यतः एलईडी संच म्हणतात. पांढऱ्याऐवजी निळे दिवे लावून त्यांच्या उजेडापुढे सूक्ष्म कणांचा थर दिला व रंग अधिक शुद्ध केले की तो क्यूएलईडी होतो. आणि ओलेडमध्ये प्रत्येक बिंदू स्वतःच उजळतो व स्वतःच विझतो, त्यामुळे त्यातील काळा रंग खरोखर काळा असतो. दौंडच्या खोलीला पश्चिमेची मोठी खिडकी असल्याने दुपारभर पडद्यावर ऊन येणार. अशा ठिकाणी ओलेडच्या काळ्या रंगासाठी पैसे मोजणे व्यर्थ असून चांगल्या प्रतीचा एलईडी संच आणि खिडकीस जाड पडदा एवढे पुरे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांहून मोठ्या संचांवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, ही सवलत मोठे माप घेण्याची सक्ती नव्हे.

आता मुख्य मुद्दा. भरण्याची ही हौस भिंतीपाशी थांबत नाही. एकदा भिंत भरली की पडदा भरावासा वाटतो, आणि मग ज्या चित्राच्या दोन्ही बाजूंस काळ्या पट्ट्या दिसतात ते चित्र रिमोटची एक कळ दाबून ताणले जाते. प्रभातचा ‘संत तुकाराम’ हा १९३६ चा चित्रपट दामले व फत्तेलाल यांनी त्या काळच्या चौकटीत घेतला, आणि ती चौकट साधारण ४:३ या प्रमाणाची, म्हणजे आजच्या मानाने चौरसाकडे झुकणारी होती. ती १६:९ मध्ये ताणली असता प्रत्येक वस्तू एक तृतीयांशाने रुंद होते. विष्णुपंत पागनीसांनी जो कृश, तल्लीन तुकाराम उभा केला, त्याला एखाद्या सुखवस्तू आडत्याचे अंग आणून देण्याचा अधिकार कोणालाही नाही. काळ्या पट्ट्या म्हणजे वाया गेलेली जागा नव्हे. दिग्दर्शकाने जेथे चित्र संपविले तेथे ते संपले, एवढाच त्यांचा अर्थ. शिरूरच्या चौकातील वाढदिवसाच्या फलकांवर हाच अपराध रोज घडतो: फलक रुंद, छायाचित्र उभे, म्हणून पुढाऱ्याचे तोंड ताणले जाते आणि त्याला स्वतःलाही ते खटकत नाही. अण्णांच्या षष्ट्यब्दीच्या छायाचित्राची मोठी, ताणलेली प्रत काढून आणल्यावर घरात जे झाले ते भाचेबुवांस आठवत असेलच; त्या वेळीही ‘चौकट रिकामी दिसत होती’ हेच कारण सांगण्यात आले होते.

जे आकाराचे तेच गतीचे. चित्रपट एका सेकंदास २४ चित्रे या गतीने घेतला जातो, आणि नवे संच दोन चित्रांच्या मध्ये स्वतः रचलेली चित्रे घुसडून हालचाल गुळगुळीत करतात. त्यामुळे युद्धपटसुद्धा लग्नाच्या चित्रफितीसारखा दिसू लागतो. डिसेंबर २०१८ मध्ये टॉम क्रूझ या नटाने दिग्दर्शक क्रिस्टोफर मॅक्वारी यांच्यासह चित्रफीत प्रसिद्ध करून ही सोय बंद करण्याची विनंती प्रेक्षकांस केली होती. मामांचे ऐकावयाचे नसेल तर निदान त्याचे ऐकावे. सामन्यांसाठी ती चालू ठेवण्यास हरकत नाही. दुकानात संच ज्या झगझगीत, निळसर रंगावर लावून ठेवलेला असतो तो केवळ शेजारच्या संचांवर मात करण्यासाठी असतो. घरी आणल्यावर ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर’ ही निवड करावी, पहिले दोन दिवस चित्र पिवळे वाटेल, नंतर तेच खरे वाटू लागेल. आवाजाच्या बाबतीत भरण्यापेक्षा सुस्पष्टतेकडे पाहावे: पातळ संचात ध्वनिवर्धक खालच्या बाजूस दडविलेले असतात, त्यामुळे संवाद पुटपुटल्यासारखे येतात, आणि २० इंच कमी करून वाचलेल्या पैशांत एक चांगला साउंडबार येतो.

मोठ्या पडद्याला विरोध आहे असा ग्रह होऊ नये. जत्रेतील तंबूच्या सिनेमाचा पडदा कोणत्याही ७५ इंचांहून मोठा असे, आणि त्या फिरत्या चित्रपटगृहांच्या अखेरच्या दिवसांवर ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट २०१६ मध्ये निघाला तेव्हा कान महोत्सवानेही त्याची दखल घेतली. पण तेथे अंधार होता, अंतर होते आणि माणसे होती. घरातील पडद्याचा इतिहास निराळा आहे. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले, पुढच्या वर्षी सिंहगडावरून ते पुण्यास दिसू लागले, आणि त्यानंतर घोडनदीच्या कौलांवर लोखंडी नळ्यांच्या अँटेना नैर्ऋत्येकडे तोंड करून उभ्या राहिल्या. वारा आला की कोणी तरी कौलांवर चढावयाचे आणि खालून ‘आलं, गेलं’ असे ओरडावयाचे, ही व्यवस्था भाचेबुवांनी लहानपणी पाहिलेली आहे. १९८७ मध्ये ‘रामायण’ सुरू झाल्यावर वाड्यातील त्या २० इंची संचासमोर जेवढी माणसे बसत, तेवढी दौंडच्या घराच्या वास्तुशांतीलाही आली नव्हती. ताई सर्वांत मागे, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसत, आणि तेथून, पंधरा फुटांवरून, पडद्यावरची नावे मोठ्याने वाचून दाखवीत, कारण पुढे बसलेल्या आत्याबाईंना ती वाचता येत नसत.

येथे भाचेबुवांच्या फोनवरील दुसऱ्या वाक्याकडे वळावे लागते. ‘आईलापण नीट दिसेल’ असे ते ओझरते म्हणाले आणि लगेच हप्त्यांविषयी बोलू लागले. ज्या ताई पंधरा फुटांवरून नावे वाचीत त्यांना आठ फुटांवरून सध्याच्या ४३ इंची पडद्यावरचे दिसेनासे झाले आहे काय, आणि झाले असल्यास केव्हापासून, याचा खुलासा त्या वाक्यात नव्हता. गेल्या दिवाळीत त्यांची खुर्ची पडद्याच्या चार फुटांवर सरकलेली होती हे मामांनी पाहिले होते. तेव्हा गुडघ्यांमुळे तेथे बसते असे त्यांनी सांगितले आणि ते मान्य करण्यात आले. मोतीबिंदूत डोळ्याचे भिंग गढूळ होते आणि तीव्र उजेड त्यात विखुरतो, त्यामुळे अशा डोळ्यांस अधिक मोठा व अधिक झगझगीत पडदा उलट त्रास देतो. काचबिंदूत कडेची दृष्टी आधी जाते आणि रोग्यास ते कळतही नाही. मधुमेहात डोळ्याच्या मागील पडद्यावरील सूक्ष्म रक्तवाहिन्या बिघडतात, आणि ताईंच्या साखरेचे आकडे गेल्या वर्षी काय होते हे येथे लिहिण्याची आवश्यकता नाही. यांपैकी कशावरही ७५ इंच हा उपाय नव्हे. त्याने एवढेच होईल की, आणखी सहा महिने ताई ‘आता छान दिसतं’ म्हणतील आणि कोणी त्यांना डॉक्टरांकडे नेणार नाही.

संचाचा आवाजही ५५ वर असतो असे सूनबाई म्हणाल्या होत्या. कुरकुंभच्या कारखान्यातील पाळ्यांमुळे भाचेबुवा आठवड्यातील किती रात्री घरी नसतात, त्या रात्री ताई कधी झोपतात, संच चालू ठेवूनच खुर्चीत झोपतात काय, औषधाची रात्रीची गोळी मालिकेच्या आधी घेतात की नंतर, या प्रश्नांची उत्तरे मिळाल्याशिवाय कोणत्या मापाचा संच घ्यावा हे सांगणे शक्य नाही. अवकाळी पावसात विजा होऊ लागल्या की संचाचा पिन आणि डिशची तार दोन्ही काढावयाची असतात. ते काढण्यासाठी ताईंनी वाकावे काय? संच भिंतीवर दाराच्या चौकटीएवढा उंच टांगण्याचा बेत असल्यास तो आजच सोडावा. पडद्याचा मध्य बसलेल्या माणसाच्या डोळ्यासमोर, जमिनीपासून साधारण साडेतीन फुटांवर यावा, नाही तर ताईंच्या मानेचे दुखणे पुन्हा उपटेल.

तेव्हा पहिला हप्ता भरण्यापूर्वी ताईंचे डोळे आणि कान तपासून घ्यावेत. येत्या मंगळवारी मामा न्हावरे-चौफुला मार्गे मोजपट्टी घेऊन येत आहेत; तोवर दुकानदाराला थोपवून धरावे, तो ‘ऑफर संपते’ म्हणेल, संपू द्यावी. हे पत्र ताईंना वाचून दाखवू नये, त्यांच्या हाती द्यावे. कोणत्या ओळीला त्या अडतात आणि कागद डोळ्यांपासून किती लांब धरतात, तेवढे मंगळवारच्या आत कळवावे.

कळावे, हे आशीर्वाद.

मामा