मुळांचे व्यवहार

‘तुमची मुळे कुठली?’ हा प्रश्न खिदिरपुरात राहून मराठी वाचणाऱ्या माझ्यासारख्याला वारंवार ऐकावा लागतो. आपल्या समीक्षेप्रमाणेच या प्रश्नातही मूळ म्हणजे जमिनीला घट्ट धरून राहणे, एवढाच अर्थ गृहीत असतो. २० मे २०२० च्या अंफान वादळात कोलकात्यातील हजारो झाडे उन्मळून पडली, तेव्हा आधार देण्याच्या या कार्याचे मोल कळले, हे खरे. परंतु ते मुळांचे एकच कार्य होय.

दोन मिलिमीटरहून बारीक अशी तंतुमुळे पाणी व क्षार शोषतात. ती मरतात, कुजतात आणि माती घडवतात. काही जातींची सडपातळ, लांब मुळे मातीचा शोध स्वतःच घेतात. काहींची जाडसर मुळे हे काम बुरशीवर सोपवतात आणि मोबदल्यात तिला शर्करा पुरवतात. मुळांच्या स्रावांवर असंख्य सूक्ष्मजीव पोसले जातात. मूळ हे स्वामित्वाचे चिन्ह नव्हे, देवघेवीचे ठिकाण आहे.

हुगळीपलीकडे, शिबपूरच्या वनस्पती उद्यानातील महावटाचे मुख्य खोड १९२५ साली काढून टाकावे लागले. तेही बुरशीनेच कुजले होते. तो वृक्ष आज जमिनीत रुजलेल्या हजारो पारंब्यांवर जगतो आहे.

भाषेचेही असेच असावे. तिचे मूळ खोड कोठे होते, याइतकेच ती आज कोणत्या मातीशी काय देते-घेते, हे समीक्षेने विचारले पाहिजे.