यंत्र मिटले तरी वही मिटू नये

व्यापारी घराने वहीला नुसते कागदाचे बाड कधीच मानले नाही. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी वही पाटावर मांडावी, तिच्यावर कुंकवाने स्वस्तिक काढावे आणि मगच नव्या वर्षाची पहिली नोंद करावी, ही रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. आता त्याच पाटावर लाल वहीशेजारी लॅपटॉपही मांडला जातो. ते योग्यच आहे. कारण रोजमेळ, खतावणी, मालाचा साठा आणि उधारी हे सारे त्याच्याच पोटात असते. मात्र दोन्ही वह्यांत एक मोठा भेद आहे. लाल वही उघडली की वाचता येते. लॅपटॉपचे झाकण उघडले म्हणजे वही उघडली, असे नाही.

सांगलीच्या मार्केट यार्डातील हळदीच्या एका अडत पेढीला हा भेद पावसाळ्यातील एका महिन्याच्या 19 तारखेला कळला. दुसऱ्या दिवशी जीएसटीचे मासिक विवरणपत्र, म्हणजे थ्री-बी, भरण्याची अखेरची मुदत होती. नातवाने बटण दाबले. पडदा काळाच राहिला. त्याने पुन्हा पुन्हा दाबून पाहिले. वडील संतापले, "रात्रभर मोबाइल जोडून ठेवतोस त्याला, दुसरे काय होणार!" गादीवर बसलेल्या आजोबांनी मात्र हात वर करून दोघांनाही थांबवले.

"आण्णा, लॅपटॉप गेला," नातू म्हणाला.

"गेला म्हणजे काय? दिवा लागतो का? आतला पंखा ऐकू येतो का? आधी ते सांग, मग गेला म्हण."

आण्णांनी संगणक कधी चालवला नव्हता. पण चाळीस वर्षे तेरीज जुळवली होती. तेरजेत फरक आला की जुना मुनीम सारी वही पहिल्या पानापासून तपासत बसत नसे. फरकाला 9 ने भाग जातो का, हे तो आधी पाही. जात असेल तर 540 च्या जागी 450 असे आकडे उलटे पडल्याचा संशय घेई. मग फरकाची निम्मी रक्कम शोधी. कारण जमेची रक्कम नावे पडली की फरक दुप्पट होतो. सोपे आणि वारंवार घडणारे आधी, अवघड आणि क्वचित घडणारे शेवटी, हाच तो क्रम. बंद पडलेल्या यंत्रालाही तोच लागू पडतो.

पहिला प्रश्न असा, की यंत्र खरोखर बंद आहे की केवळ पडदा काळा आहे? बटणावरील दिवा लागत असेल, पंख्याचा आवाज येत असेल किंवा कॅप्स लॉकची कळ दाबल्यावर तिचा दिवा बदलत असेल, तर यंत्र जागे आहे. अशा वेळी एचडीएमआय केबलने ते दुकानातील टीव्हीला जोडून पाहावे. चित्र तेथे उमटले तर दोष पडद्याचा. हिशेब सुखरूप आहे.

काहीच हालचाल नसेल तर विजेकडे वळावे. त्याच सॉकेटला टेबल फॅन लावून पाहावा. मग चार्जरची पिन, तिच्याजवळची वाकलेली वायर, शक्य असल्यास त्याच क्षमतेचा दुसरा चार्जर, असे एकेक तपासावे. नव्या लॅपटॉपना मोबाइलसारखीच पिन असली, तरी मोबाइलच्या लहान चार्जरवर 65 वॅट मागणारा लॅपटॉप सुरू होईलच असे नाही. बॅटरी पूर्ण उतरली असेल तर चार्जर लावून अर्धा तास वाटही पाहावी.

त्यानेही भागले नाही तर साठलेली वीज काढून टाकावी. चार्जर, पेनड्राइव्ह, माउस सारे काढावे. बॅटरी सुटी होत असेल तर तीही काढावी. बटण अर्धा मिनिट दाबून धरावे आणि मग केवळ चार्जर जोडून यंत्र सुरू करावे. वरवर मृत वाटणारी कित्येक यंत्रे एवढ्याने जागी होतात. यापुढचे काम, म्हणजे झाकण खोलून रॅम काढून पुन्हा बसवणे, हे जाणकाराचे. दोन प्रसंगी मात्र एकही प्रयोग करू नये. टचपॅड वर उचललेला दिसला किंवा तळ फुगला, तर बॅटरी सुजली आहे. तिला चार्जर लावणे वा ती दाबणे म्हणजे आगीला निमंत्रण. आणि चहा-पाणी सांडले असेल, तर यंत्र चालू करून पाहण्याचा मोह आवरावा.

सांगलीच्या त्या पेढीवर सॉकेट ठीक निघाले, चार्जरही ठीक निघाला, वीज काढून झाली, तरी दिवा लागला नाही. दुरुस्ती कारागिराने झाकण खोलले, तेव्हा आत हळदीची पिवळी धूळ पावसाळी दमटपणाने थिजून बसली होती. मदरबोर्ड गेला होता. नवा यायला आठवडा लागणार होता.

खरा घोर येथे सुरू झाला. शेवटची प्रत दिवाळीला काढलेली होती. त्यानंतर हळदीचा अख्खा हंगाम होऊन गेला होता. आण्णांनी कागद घेतला आणि कोणत्या नोंदी बाहेर सापडतील, याची यादी करायला लावली. भरलेली विक्रीची विवरणपत्रे आणि ई-वे बिले सरकारी पोर्टलवर होती. चेक आणि ऑनलाइन आलेली रक्कम बँकेच्या उताऱ्यात होती. पण कोणत्या शेतकऱ्याला किती उचल दिली, कोणाची पट्टी चुकती व्हायची आहे, कोणत्या दुकानदाराकडे किती बाकी, हे ना सरकारला ठाऊक होते ना बँकेला. ते केवळ खतावणीत होते. शेतकरी आपला आकडा सांगेल, पण तो पडताळून पाहायला पेढीकडे काही उरणार नव्हते. पेढीचा शब्द ज्यावर उभा असतो, तेच त्या बंद पेटीत अडकले होते.

पेटी आणि वही एक नव्हेत, हे त्या दिवशी त्या घराला उमगले. हिशेब मदरबोर्डवर नसतो. तो डिस्कवर असतो. कारागिराने डिस्क काढून एका छोट्या डबीत बसवली आणि ती यूएसबीने पुतण्याच्या लॅपटॉपला जोडली. तिने 48 अंकी रिकव्हरी की मागितली. कारण डिस्क सांकेतिक कुलपात होती. की नातवाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जतन झालेली सापडली, म्हणून कुलूप उघडले. ती न सापडती तर डिस्क धडधाकट असूनही एक ओळ वाचता आली नसती. काही पातळ लॅपटॉपमध्ये तर साठवण मदरबोर्डवरच डाखवलेली असते. तेथे हा मार्गही खुंटतो.

विवरणपत्र 20 च्या संध्याकाळी भरले गेले. चुकले असते तर दिवसाला 50 रुपये विलंबशुल्क आणि थकलेल्या करावर वर्षाला 18 टक्के व्याज, एवढे नुकसान झाले असते. ते सोसता येते. हंगामाची खतावणी गेली असती तर ते कोणत्या दराने भरून निघाले असते?

म्हणून प्रत्येक पेढीने हिशेबाच्या तीन प्रती ठेवाव्यात. त्या निदान दोन वेगळ्या साधनांवर असाव्यात आणि एक प्रत दुकानाबाहेर असावी. ही बाहेरची प्रत अनाठायी नव्हे. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी सांगलीच्या बाजारपेठेत शिरले. अशा वेळी एकाच खोलीतील तीन प्रती एकच ठरतात. जीएसटी कायदाही वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून 72 महिने हिशेब जपायला सांगतो. रिकव्हरी की कागदावर लिहून तिजोरीत ठेवावी. यंत्र दुरुस्तीला देताना पोच घ्यावी, आणि शक्य असल्यास डिस्क काढून घरीच ठेवावी.

त्या पेढीवर आता रोजमेळ जुळल्यावर रोकड मोजतात, तशीच प्रतही काढतात. शनिवारची प्रत वरच्या मजल्यावरील घरी जाते. महिन्यातून एकदा ती दुसऱ्या संगणकावर उघडून एखाद्या खात्याची बाकी ताडून पाहिली जाते. हा नेम आण्णांनी घालून दिला. न उघडलेल्या प्रतीवर विसंबणे म्हणजे न मोजलेली थैली तिजोरीत ठेवणे, एवढेच ते सांगतात.