परसाकडची वाट

देहधर्माविषयी बोलताना मराठी भाषेने नेहमीच थोडे अंतर राखले आहे. 'परसाकडे जाणे', 'बहिर्दिशेस जाणे', 'शौचास जाणे' या सर्व शब्दप्रयोगांत 'जाणे' हे क्रियापद आहेच. ती जागा घरापासून दूर असणार, हे गृहीतच धरलेले. जुन्या वाड्यात ती परसाच्या अगदी टोकाला, विहिरीपासून लांब असे. तिच्या मागे एक अरुंद बोळ असे. त्या बोळातून भल्या पहाटे टोपली उचलणारा माणूस येई आणि वाड्यातल्या कोणाच्या दृष्टीस न पडता निघून जाई. ज्याच्यावर घराची स्वच्छता अवलंबून, त्याला घराचा उंबरठा वर्ज्य होता. अप्पासाहेब पटवर्धनांनी 1932 साली रत्नागिरीच्या तुरुंगात हेच सफाईचे काम करण्याची परवानगी मागितली. ती नाकारली गेली म्हणून त्यांनी अन्न कमी केले आणि त्यांना पाठिंबा म्हणून येरवड्याच्या तुरुंगात गांधीजीही उपोषणाला बसले. शौचकूप बांधण्याची परवानगी मागणारे पुष्कळ. तो साफ करण्याची परवानगी मागणारा विरळाच.

परसाच्या टोकाची ही जागा पुढे घरात आली, याचे श्रेय नळीच्या एका वळणाला द्यावे लागेल. अलेक्झांडर कमिंग या घड्याळे बनवणाऱ्या कारागिराने 1775 साली लंडनमध्ये त्याचे एकस्व घेतले. भांड्याखालची नळी अशी वाकवायची, की त्या वळणात थोडे पाणी कायम साचून राहील. ओंजळीत मावेल एवढे ते पाणी खालची दुर्गंधी खालीच अडवते. ते नसते तर एकावर एक रचलेल्या सदनिकांत माणसांना राहता आले नसते. मात्र त्या वळणाच्या पुढे नळी कोणा एकाची राहत नाही. वरच्यांची आणि खालच्यांची नळी एकच होते, आणि परवानगीचा प्रश्न तेथूनच सुरू होतो.

पूर्व दिल्लीत, यमुनेपलीकडच्या एका वसाहतीत तळमजल्यावर एक मराठी कुटुंब राहत असे. गृहस्थ मूळचे वाईचे. केंद्र सरकारच्या लेखा विभागात त्यांचे आयुष्य गेले. पहाडगंजातील भाड्याच्या खोलीत राहत असताना, 1979 साली दिल्ली विकास प्राधिकरणाने घरांसाठी मोठी नोंदणी योजना काढली, तेव्हा त्यांनी नाव नोंदवले. किल्ली हाती यायला अकरा वर्षे लागली. त्याच योजनेत याहून कितीतरी अधिक वर्षे वाट पाहिलेली माणसे दिल्लीत होती, त्यामुळे ते स्वतःला भाग्यवान समजत. दोन खोल्या आणि मागे चिंचोळे अंगण. सूनबाई त्याला 'कोर्टयार्ड' म्हणत; वाईहून आलेल्या आजी मात्र 'परस'च म्हणत. त्या परसाचा अर्धा भाग रीतसर परवानगी घेऊन पत्र्याच्या उतरत्या छपराखाली घेतला आणि आजींची खोली तयार झाली. त्या वेळच्या नकाशात शौचालय नव्हते. आजी तेव्हा सत्तरीच्या होत्या, चालत्या-फिरत्या होत्या. कोणाला ते सुचलेच नाही.

2013 च्या हिवाळ्यापर्यंत आजींचे दोन्ही गुडघे धरले होते. घरातले एकमेव शौचालय पुढच्या दाराशी. तेथे जायचे म्हणजे नातवंडे निजलेली खोली ओलांडायची, मग बैठकीची खोली, मग एक पायरी. दिल्लीच्या जानेवारीत रात्री दोन वाजता गोधडीतून उठून हा प्रवास करणे तरुणालाही नकोसे होते. आजींनी तक्रार केली नाही. त्यांनी दुपारच्या चहानंतर पाणी पिणे बंद केले. ही गोष्ट घरात कोणाच्या ध्यानी आली नाही. सुनेला ती कळली, पण तांब्या सकाळी भरलेलाच दिसतो हे लक्षात आल्यावर. आणि तोवर आजी एकदा भोवळ येऊन पडल्या होत्या.

परसाचा जो अर्धा भाग मोकळा होता, तेथे पाच फूट बाय चार फुटांचे शौचालय सहज मावत होते. गवंडी म्हणाला, आठ दिवसांत करून देतो. वसाहतीत असे काम बहुतेकांनी शनिवार-रविवार गाठून उरकले होते. परंतु गृहस्थांनी नियम पाहिला. प्राधिकरणाच्या सदनिकांत जे बदल करता येतात त्यांच्या दोन याद्या आहेत. एकीसाठी परवानगी लागत नाही. दुसरीसाठी आधी घ्यावी लागते. मागच्या अंगणात न्हाणीघर व शौचालय बांधणे दुसऱ्या यादीत येते. इमारत बहुमजली असली की वरच्यांची संमती, इमारतीच्या मजबुतीविषयी अभियंत्याचा दाखला आणि सांडपाण्याचे काम पाहणाऱ्या खात्याशी आधी विचारविनिमय, असे सारे त्यामागोमाग येते.

"नियम पाळणाऱ्याच्या घरात म्हातारीने पाणी सोडायचे का?" सूनबाईंनी विचारले. गृहस्थांपाशी याचे उत्तर नव्हते. चाळीस वर्षे इतरांची बिले नियमांवर बोट ठेवून परत पाठवणाऱ्या माणसाला स्वतःच्या घरी रात्रीचा गवंडी आणवेना, एवढेच. त्यांचा हा हट्ट थोडा अहंकाराचाही होता, असे म्हटले तर अन्याय होणार नाही. तथापि नियमात काही अर्थही होता. चार इंची नळीला पुरेसा ढाळ मिळाला नाही, तर मैला वाटेतच बसतो. मुख्य चेंबर तुंबले, तर वरच्या मजल्यांचे सांडपाणी तळमजल्याच्या भांड्यातून वर येते. मग ते चेंबर मोकळे करायला कोणीतरी माणूसच बोलावला जातो. संरक्षक साधनांवाचून माणसाला गटारात उतरवण्यास मनाई करणारा कायदा त्याच वर्षी, 2013 मध्ये, संसदेने संमत केला. त्यानंतरही दिल्लीत गटारात गुदमरून माणसे मरतच राहिली.

कार्यालयात अर्ज दाखल करणे त्या मानाने सोपे ठरले. अडले ते जिन्यावर. दुसऱ्या मजल्याचे मालक गुडगावला राहत. त्यांनी एका रविवारी फारसे न विचारता सही केली. पहिल्या मजल्यावरच्या पंजाबी शेजाऱ्यांनी मात्र कागद परत केला. त्यांचे म्हणणे असे, की खोलीचे छप्पर उतरते आहे म्हणून ठीक. पण शौचालयाचे सपाट छत त्यांच्या खिडकीखाली येईल आणि चोराला आयती पायरी मिळेल. म्हणणे खोटे नव्हते. गृहस्थांनी खिडकीला जाळी बसवून देण्याची तयारी दाखवली. शेजाऱ्यांनी विचार करून सांगतो म्हटले. तीन आठवडे गेले. जिन्यात भेट झाली की दोघेही हवापाण्याचे बोलत.

अखेर सूनबाई वरती गेल्या. त्या सही मागायला गेल्या नव्हत्या, तिळगूळ द्यायला गेल्या होत्या. त्या घरीही एक वृद्ध माताजी होत्या. "तुमच्या सासूबाई उन्हात बसलेल्या दिसत नाहीत हल्ली," असे त्यांनी विचारले, तेव्हा सूनबाईंच्या तोंडून पाण्याची गोष्ट निघून गेली. माताजी काही वेळ बोलल्या नाहीत. मग त्यांनी मुलाला हाक मारून कागद मागितला. त्यांच्याही पलंगाखाली रात्री एक भांडे ठेवलेले असे, हे सूनबाईंना त्या दिवशी कळले.

परवानगी एप्रिलमध्ये आली. मधल्या काळात नकाशा एकदा परत आला होता, कारण चेंबरपर्यंतचे अंतर फुटांत लिहिले होते आणि कार्यालयाला ते मीटरमध्ये हवे होते. ही चूक आपल्या हातून व्हावी, याचे गृहस्थांना फार वाईट वाटले. बांधकामाला गवंड्याने सांगितल्याप्रमाणे आठ नव्हे, एकवीस दिवस लागले. भांडे उंच बसवले, भिंतीला आधाराचा दांडा लावला आणि पलंगापासून दारापर्यंत सहा पावले झाली. आजी त्याला अखेरपर्यंत 'परसाकडे'च म्हणत राहिल्या. उशाचा तांब्या आता रात्रीतून रिकामा होऊ लागला.

पुढल्या थंडीत पहिल्या मजल्यावरचे शेजारी हातात फाइल घेऊन खाली आले. माताजींच्या खोलीशेजारी त्यांनाही तसेच करायचे होते आणि त्यासाठी खालच्यांची संमती हवी होती. गृहस्थांनी चष्मा लावला, नकाशा टेबलावर पसरला आणि सवयीप्रमाणे पहिल्या कलमापासून वाचायला सुरुवात केली. आतल्या खोलीतून आजींचा आवाज आला, "अरे, आधी सही कर. वाच मग सावकाश."